गेलेल्या दगडाची जागा

ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर ‘ट्रेल ऑफ टाइम’ नावाची एक पायवाट आहे. २०१० साली ती खुली झाली. वाटेवर दर मीटरला एक खूण जमिनीत बसवलेली आहे, आणि एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं असा हिशेब. आजपासून निघायचं आणि मागच्या काळात चालत जायचं. कडेला त्या त्या काळातले दगड मांडून ठेवलेत, त्यांना खुशाल हात लावावा.

चालायला लागण्याआधी मी खाली बसून बोटानं माप घेतलं. माणसानं शेती धरली त्याला साधारण दहा हजार वर्षं झाली. या वाटेवर ते अंतर एक सेंटिमीटर भरतं, माझ्या करंगळीच्या नखाएवढं. सगळी राज्यं, सगळ्या लिपी, ठाऊक असलेली सगळी नावं त्या नखात मावली. मग उठले आणि पाच-सहा मीटर चालून थांबले. कोलोरॅडो नदीनं आजची ही दरी कोरायला घेतली ती साधारण इथे. (दरीचे काही तुकडे याहून कितीतरी जुने आहेत असं मानणारे अभ्यासक आहेत, आणि तो वाद अजून मिटलेला नाही.) मागे पाहिलं तर मी जिथून निघाले ती जागा चार ढांगांवर होती.

पुढे मात्र चालतच राहावं लागतं. काठावर आपल्या पायाखाली जो खडक असतो तो २७ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे २७० मीटर. तळाशी उघडा पडलेला सर्वांत जुना खडक १८४ कोटी वर्षांचा, म्हणजे जवळजवळ दोन किलोमीटर. भिंती एवढ्या म्हाताऱ्या आणि त्यांच्यामधली पोकळी इतकी तरणी, हे मी वाचलेलं होतं. पायांना ते त्या दिवशी कळलं.

आपण दरी बघायला जातो आणि बघून येतो त्या भिंती. दरी म्हणजे तिथे जे उरलेलं नाही ते. ४४६ किलोमीटर लांबीच्या या एका दरीतून सुमारे चार हजार घन किलोमीटर खडक गेलेला आहे. तो कसा गेला हे शाळेत शिकवतात. कुठे गेला, हा प्रश्न मला कुणी परीक्षेत घातला नव्हता. त्या संध्याकाळी काठावर बसून मी स्वतःला तो घातला, आणि नंतर कितीतरी दिवस तो माझ्यामागे लागला.

शाळेच्या भूगोलात घळई आणि निदरी असे दोन शब्द होते. अरुंद, उभ्या काठांची ती घळई. तिच्याहून खोल आणि लांबरुंद ती निदरी. मला हे शब्द फार आवडायचे, अजूनही आवडतात. पण जगभरच्या दऱ्यांना ज्यांनी नावं दिली त्यांनी आपलं पुस्तक वाचलेलं नव्हतं, त्यामुळे नावावरून प्रकार ओळखायला जाऊ नये. दरी कशी झाली ते बघावं.

पाणी दगड कापतं असं आपण म्हणतो, पण नुसत्या नितळ पाण्याला दात नसतात. दात असतात ते पाण्यातल्या वाळूला, खड्यांना, पुरात गडगडत जाणाऱ्या धोंड्यांना. एकदा एका ओढ्याच्या कोरड्या पात्रात मी एका रांजणखळग्यात खांद्यापर्यंत हात घातला होता. तोंड परातीएवढं, आत पोट सुटलेलं, आणि भिंत इतकी गुळगुळीत की बोटं घसरत होती. तळाशी गारढोण पाणी आणि तीन दगड. एक लिंबाएवढा, दोन त्याहून लहान, तिन्ही गोल. पुराच्या भोवऱ्यात हे दगड जात्यासारखे गरगर फिरतात, खडक उगाळतात आणि स्वतःही झिजतात. झिजून संपले की पुढच्या पुरात नवे येऊन पडतात. असे खळगे शेजारी शेजारी खोल होत जातात, मधल्या भिंती पातळ होतात, एक दिवस फुटतात, आणि पात्र तेवढं खाली जातं. मी ते तीन दगड बाहेर काढले, पाहिले आणि पुन्हा आत सोडले. त्यांचं काम अर्धवट होतं.

याशिवाय पाणी दोन गोष्टी करतं. चुनखडकासारखा खडक असेल तर त्याला विरघळवतं. फ्रान्समधलं व्हेर्दों आणि ग्रीसमधलं विकोस ही त्याची देखणी उदाहरणं, तिथे पाण्यानं खडक झिजवलाही आणि पचवलाही. आणि खडकात भेगा असतील तर पाण्याचा जोर अख्खे ठोकळेच उचकटून काढतो. या तिसऱ्या कामाकडे मी पुन्हा येणार आहे, कारण त्यावरून शास्त्रज्ञांमध्ये मोठी लढाई झाली.

नदी कापते ती फक्त खाली, आपल्या पात्राच्या रुंदीपुरती. तळाशी कोलोरॅडोचं पात्र शंभरेक मीटर रुंद आणि वर दरीची रुंदी मात्र काही ठिकाणी २९ किलोमीटर. मधली सगळी रुंदी नदीनं केलेली नाही. ती उन्हानं, पावसानं, भेगेत गोठून फुगणाऱ्या बर्फानं, उपनद्यांनी आणि सुटून पडणाऱ्या दरडींनी केली. नदीनं फक्त खालचा आधार काढून घेतला आणि पडलेला माल वाहून नेला. मग भिंती इतक्या उभ्या का राहिल्या? कारण तिथे पाऊस कमी आहे. भरपूर पावसाच्या प्रदेशात दोन्ही बाजू धुपत धुपत उतरत्या होतात आणि इंग्रजी ‘व्ही’सारखी दरी तयार होते. कोरड्या मुलखात नदी दूरच्या डोंगरातलं पाणी घेऊन येते, खाली कापत जाते, आणि काठ मात्र बराच काळ तसेच ताठ राहतात. नामशेष व्हायलाही पाणी लागतं.

खाली उतरताना हे गुडघ्यांना समजतं. साउथ कायबॅब वाटेनं नदीपर्यंत अकराएक किलोमीटर, उतार साधारण १,४५० मीटरचा. कठीण थर आला की कडा उभा आणि वाट नागमोडी, दर पावलाला गुडघ्यात कळ. मऊ थर आला की उतार मंद आणि श्वास मोकळा. आधी काठावरचा पांढुरका चुनखडक, समुद्राच्या तळाशी साचलेला, शिंपल्यांचे आणि स्पंजांचे ठसे असलेला. मग कोकोनिनो वालुकाश्म. ही एकेकाळच्या वाळवंटातल्या टेकड्यांची वाळू. वाऱ्यानं रचलेल्या तिरप्या रेषा अजून स्पष्ट दिसतात, आणि यात पुरातन सरपटणाऱ्या प्राण्यांची पावलं उमटलेली सापडतात. मग तांबडी माती सुटणारा मऊ थर. मग रेडवॉल नावाचा दीडशे मीटरांहून उंच कडा. तो लाल दिसतो, पण आतून राखाडी आहे. वरच्या थरांतलं लोह पावसाबरोबर ओघळून त्याला लाल करून गेलंय. मला हे फार हळवं वाटलं, खालच्यानं वरच्याचा रंग असा अंगावर घेणं.

आता नदीला खाली कापायला जागा कुठून मिळते? नदी समुद्राच्या पातळीपेक्षा खाली कापत जाऊ शकत नाही. सपाट, सखल मुलखात ती कितीही वर्षं वाहिली तरी दरी होणार नाही. जमीन वर यावी लागते. कोलोरॅडोचं पठार असं उचललं गेलं म्हणून नदीला उतार मिळाला आणि धार आली. जॉन वेस्ली पॉवेल या माणसाला हे लख्ख दिसलं होतं. अमेरिकेच्या यादवी युद्धात त्याचा उजवा हात गेला होता. १८६९ साली मे महिन्यात तो चार होड्या आणि नऊ साथीदार घेऊन निघाला. ऑगस्टअखेर दरीबाहेर पडले तेव्हा होड्या दोन आणि माणसं सहा उरली होती. एका होडीचा वाटेत चुराडा झाला, एक मागे सोडावी लागली, चौघं वेगवेगळ्या टप्प्यांवर सोडून गेले. पॉवेल एका हातानं कडे चढून खडक तपासत राहिला. लाकूड कापण्याच्या यंत्रात करवत जागच्या जागी फिरते आणि ओंडका तिच्याकडे सरकवत आणतात. नदी ही ती करवत आणि उचलली जाणारी जमीन हा ओंडका, असा दाखला त्यानं दिला. तेव्हापासून मला कुठल्याही दरीत दोन हालचाली दिसतात. एक खाली जाणारी, एक वर येणारी.

हिशेब करून पाहिला तर सहा हजार शतकांच्या दहापट काळात, म्हणजे ६० लाख वर्षांत, दीडेक किलोमीटर खोली. वर्षाला पाव मिलिमीटर. कागदाचे दोन-तीन ताव एकावर एक ठेवावेत तेवढं. बोटाची नखं याच्या शंभरपटीहून जास्त वेगानं वाढतात.

जमीन वर येण्याची गोष्ट हिमालयाइतकी स्पष्ट कुठेच नाही. नेपाळमध्ये काली गंडकी धवलगिरी आणि अन्नपूर्णा या दोन आठ हजारी शिखरांच्या मधून पार जाते. नदी डोंगरातून उगम पावून खाली येते हे आपण समजू शकतो, पण डोंगररांगेच्या पलीकडून येऊन तिला आरपार कापते कशी? उत्तर असं की नदी आधीची आहे. डोंगर नंतर उठला, आणि तो जसा उठत गेला तशी नदी आपली वाट न सोडता कापत गेली. तिच्या पात्रात मिळणारे शाळिग्राम म्हणजे टेथिस समुद्रातल्या अमोनाइट जिवांचे जीवाश्म आहेत. समुद्राचा तळ हिमालय झाला, नदीनं त्याला चिरला आणि आतला शंख पुन्हा पाण्यात आणून ठेवला. तिबेटातली यारलुंग त्सांगपो, जी पुढे ब्रह्मपुत्रा होते, ती नामचा बरवा या ७,७८२ मीटर उंच शिखराला वळसा घालून जाते. तिची दरी काही जागी शिखरापासून पात्रापर्यंत मोजली तर सहा हजार मीटर भरते. जगातली सर्वांत खोल दरी कोणती, यावर लोक हिरिरीनं वाद घालतात. मला त्यात गोडी वाटत नाही. काठापासून मोजायचं की शिखरापासून, यावर उत्तर बदलतं. पेरूमधली कोल्का आणि कोताहुआसी याही तीन हजार मीटरांपलीकडच्या आहेत.

दुसरा एक प्रकार याच्या उलटा. नदी वरच्या मऊ थरांवरून आरामात वाहत असते, वाट ठरून जाते, आणि खाली कापता कापता अचानक पुरातन कठीण खडक लागतो. आता वाट बदलण्याची सोय राहिलेली नसते. नदी दोन्ही बाजूंनी स्वतःच्याच दरीत अडकलेली असते. कोलोरॅडो राज्यातली गनिसन नदीची ‘ब्लॅक कॅन्यन’ अशी झाली. १७० कोटी वर्षांचा काळा खडक, खोली ८०० मीटरांहून जास्त, आणि तळाशी एका जागी रुंदी फक्त १२ मीटर. काही भागांत दिवसाला अवघी ३३ मिनिटं ऊन पोचतं.

अरुंद म्हटलं की डोळ्यांसमोर येतात त्या फटीसारख्या दऱ्या, ज्यांना स्लॉट कॅन्यन म्हणतात. ॲरिझोनात नवाहो लोकांच्या भूमीतली ॲन्टिलोप कॅन्यन बहुतेकांनी फोटोत पाहिली असेल: नारिंगी भिंतींच्या लाटा, वरून उतरणारी उन्हाची तिरीप. या दरीत बारमाही नदी नाही. वर्षातून काही वेळा येणारा लोंढाच तिला कोरतो. वालुकाश्मातली एखादी भेग धरून पाणी आत घुसतं, वाळूसकट घुसळतं, आणि भिंतीवर ज्या वळणदार रेषा आपण हात फिरवून बघतो ती त्या घुसळण्याची वळणं आहेत. १२ ऑगस्ट १९९७ रोजी तिथे ११ पर्यटक बुडाले. पाऊस पडला होता कित्येक किलोमीटर दूर. दरीवर आभाळ जेमतेम पट्टीएवढं दिसतं. लांब कुठे ढग फुटलाय हे आत असलेल्याला कळणार कसं? हे कळल्यापासून मला ते फोटो पूर्वीसारखे बघता येत नाहीत. त्या सुंदर भिंतींवरची प्रत्येक लाट हा कुठल्या तरी पुराचा ठसा आहे, आणि काम चालू आहे.

एव्हाना असं वाटेल की दरी म्हणजे दीर्घ, संथ काम. मलाही तेच शिकवलं होतं, आणि भूशास्त्रज्ञांची तर ती श्रद्धाच होती. जे. हार्लन ब्रेट्झ या अमेरिकी भूशास्त्रज्ञानं तिला धक्का दिला. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व भागात बेसाल्टचं पठार विचित्र ओरबाडलेलं आहे: कोरड्या दऱ्या, पाण्याविना धबधब्यांचे कडे, घराएवढे धोंडे भलतीकडेच पडलेले. ‘ड्राय फॉल्स’ नावाचा कडा साडेपाच किलोमीटर रुंद आणि १२० मीटर उंच आहे आणि त्यावरून पाण्याचा थेंब पडत नाही. १९२३ साली ब्रेट्झनं लिहिलं की हे सगळं एका अजस्र पुराचं काम आहे, अल्पकाळात झालेलं. तेव्हाच्या मान्यवरांना हे प्रलयाच्या कथेसारखं वाटलं. १९२७ साली वॉशिंग्टन शहरातल्या सभेत एकामागून एक उठून त्यांनी त्याला खोडून काढलं. पुरासाठी एवढं पाणी आणलं कुठून, या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. जोसेफ पार्डी नावाचा दुसरा भूशास्त्रज्ञ मात्र पूर्वेकडच्या मोंटानात एका बर्फानं अडवलेल्या प्राचीन सरोवराचा अभ्यास करत होता. पुढे त्याला त्या सरोवराच्या तळाशी पाण्यानं उठवलेल्या, कित्येक मीटर उंचीच्या खडीच्या लाटा सापडल्या, म्हणजे सरोवर एकदम रिकामं झालं होतं. हिमयुगाच्या अखेरीस बर्फाचा बांध पुन्हा पुन्हा फुटला आणि पुन्हा पुन्हा तो लोंढा पश्चिमेकडे सुटला.

बेसाल्ट थंड होताना त्याला उभ्या भेगा पडून खांब बनतात. एवढ्या लोंढ्याला तो उगाळत बसावा लागला नाही. खांबच्या खांब उपसून नेले. ब्रेट्झला १९७९ साली अमेरिकेतलं भूशास्त्राचं मानाचं पेनरोज पदक मिळालं तेव्हा त्यानं नव्वदी कधीच ओलांडली होती. या गोष्टीत मला पदकापेक्षा मधली वर्षं जास्त भिडतात. उन्हाळ्यामागून उन्हाळे तो त्याच कोरड्या दऱ्यांत जात राहिला आणि जे दिसलं ते लिहीत राहिला.

याचा छोटा नमुना आपल्या हयातीतला आहे. जुलै २००२ मध्ये टेक्सासमधल्या कॅन्यन लेक धरणाच्या सांडव्यावरून पाणी उसळलं आणि साधारण तीन दिवसांत चुनखडकात दोन किलोमीटरहून लांब, सरासरी सात मीटर खोल घळई तयार झाली. आधी तिथे झाडीचं खोरं होतं. तेव्हा एखाद्या घळईचे गुळगुळीत काठ पाहून ‘लाखो वर्षं लागली असतील’ असं मी आता चटकन म्हणत नाही.

नायगाऱ्याची घळई आणखी वेगळी, ती मागे मागे सरकते. वरचा थर टणक, खालचा ठिसूळ. धबधबा खालचा थर पोखरतो, वरचा छज्जासारखा लोंबकळतो आणि कोसळतो. असं करत साधारण १२ हजार वर्षांत धबधबा ११ किलोमीटर मागे आलाय, आणि जिथून आला तिथे घळई उरली आहे.

सगळ्याच दऱ्या पाण्यानं सुरू झालेल्या नाहीत. जॉर्डनमधल्या पेट्रा या प्राचीन नगरीकडे जाणारी सिक ही १.२ किलोमीटरची फट मुळात जमिनीच्या हालचालीनं खडक दुभंगून झाली, पाण्यानं नंतर तिला घासलं. नामिबियातल्या फिश रिव्हर कॅन्यनमध्ये जमीन खचण्याचा मोठा वाटा आहे. नदीनं आयत्या खोलगटात काम केलं. मंगळावरची व्हॅलेस मरिनेरिस तर चार हजार किलोमीटर लांब आणि सात किलोमीटरपर्यंत खोल, ती प्रामुख्यानं कवच ताणून फाटल्यामुळे झालेली; १९७१ साली मंगळाभोवती पोचलेल्या मरिनर ९ या यानाचं नाव तिला मिळालं. आणि शनीच्या टायटन या चंद्रावर कॅसिनी यानाच्या रडारला मिथेननं भरलेल्या, काही जागी पाचशे मीटरांहून खोल घळई दिसल्या. तिथलं बर्फ दगडासारखं कठीण आहे, तरी वाहणाऱ्या द्रवानं तेच केलं जे इथे पाणी करतं.

दडलेल्या दऱ्यांचं मला विशेष आकर्षण आहे. २०१३ साली ग्रीनलंडच्या बर्फाखाली रडारला ७५० किलोमीटर लांबीची, काही जागी ८०० मीटर खोल दरी दिसली. बर्फ साचण्याआधी तिथे नदी वाहत असावी. आणि नाईलची गोष्ट तर अशी की ऐकून मी पुस्तक मिटून बसले होते. आस्वानच्या मोठ्या धरणासाठी पाया तपासताना भोकं पाडली, तेव्हा आजच्या पात्राखाली ग्रॅनाइटमध्ये एक खोल बुजलेली घळई लागली, समुद्रसपाटीच्याही खूप खाली गेलेली. तिच्यात समुद्रातला गाळ होता, आणि समुद्र तिथून हजार किलोमीटर दूर! सुमारे ६० लाख वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राचं तोंड बंद झालं आणि त्याचं बरंचसं पाणी आटलं. समुद्राची पातळी पडली तशी नाईलला खाली कापायला मोकळीक मिळाली. कैरोच्या खाली ही दरी दोन किलोमीटरहून खोल आहे. मग ५३ लाख वर्षांपूर्वी समुद्र पुन्हा भरला, त्या दरीत शिरून आस्वानपर्यंत आला, आणि नंतर नदीनं आपल्याच गाळानं ती बुजवून टाकली. माणसं त्यावर घरं बांधून राहतात.

समुद्राखालच्या दऱ्यांनी मला माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगतची मॉन्टेरे कॅन्यन ग्रँड कॅन्यनच्या तोडीची आहे, पण वरून फक्त निळं पाणी दिसतं. पाण्याखाली नदी कशी वाहणार? १८ नोव्हेंबर १९२९ रोजी न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला समुद्रात भूकंप झाला. जवळच्या तारायंत्राच्या केबली लगेच तुटल्या. पण त्यांच्यापुढच्या, उताराखालच्या केबली त्यानंतर तुटत गेल्या, क्रमानं, एकेक करून, पुढचे तेरा तास. प्रत्येक केबल कधी तुटली याची अचूक वेळ नोंदलेली होती. १९५२ साली हीझन आणि यूइंग या शास्त्रज्ञांनी त्या वेळांवरून हिशेब मांडला: चिखलवाळू मिसळून जड झालेल्या पाण्याचा लोंढा समुद्रतळाच्या उतारावरून धावत गेला होता. असे गढूळ लोंढे समुद्राखाली दऱ्या कोरतात. जानेवारी २०२० मध्ये काँगो नदीच्या मुखापासून सुटलेला एक लोंढा ११०० किलोमीटरहून लांब गेला आणि वाटेतल्या इंटरनेटच्या केबली तोडत गेला.

गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मुखाबाहेरही अशी एक दरी आहे, ‘स्वॉच ऑफ नो ग्राउंड’, म्हणजे जिथे तळ लागत नाही तो पट्टा. हिमालयातून निघालेला गाळ तिच्यातून खोल समुद्रात उतरतो आणि बंगालच्या उपसागरात सुमारे तीन हजार किलोमीटर लांब पंख्यासारखा पसरलाय. हिमालयातल्या दऱ्यांमधून गेलेला दगड तिथे आहे. कोलोरॅडोनं नेलेला दगड कॅलिफोर्नियाच्या आखाताच्या उत्तर टोकाशी आणि इम्पीरियल व्हॅलीच्या जमिनीत आहे; तिथली शेतं त्या दरीवर उभी आहेत असं म्हटलं तरी चालेल.

आता तो प्रवास अडलाय. १९६३ साली ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे बंद झाले आणि गाळ वरच्या जलाशयात बसू लागला. कोलोरॅडो या स्पॅनिश शब्दाचा अर्थ तांबडी. मी तळाशी पोचले तेव्हा नदी हिरवीगार, नितळ आणि हात बधिर होईल इतकी थंड होती. दिसायला सुंदर, पण मला ते पाहून वाईट वाटलं. दरीतले वाळूचे काठ नव्या वाळूविना आक्रसत चाललेत. १९९६ पासून अधूनमधून धरणातून मुद्दाम मोठा लोट सोडतात, तळाची वाळू उचलून काठांवर बसावी म्हणून. थोडी बसते, पुन्हा जाते.

रात्र खाली काढली. दोन्ही बाजूंना काळा शिस्ट, म्हणजे दाबानं आणि उष्णतेनं बदललेला खडक, आणि त्यात गुलाबी ग्रॅनाइटच्या शिरा. या खडकाचं नाव विष्णू, शेजारचे ब्रह्मा आणि राम. क्लॅरेन्स डटन या भूशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात इथल्या शिखरांना जगभरच्या देवांची नावं दिली, पुढे खडकांनाही तशी मिळाली. परक्या देशात, त्या अंधारात, नकाशावर ती नावं वाचताना बरं वाटलं.

सकाळी दुसऱ्या वाटेनं चढताना एका वळणावर थांबले. काळा शिस्ट जिथे संपतो त्यावर थेट तपकिरी वालुकाश्म बसलेला आहे. मी तळवा टेकवला. अंगठा शिस्टवर, करंगळी वालुकाश्मावर. या दोन बोटांच्या मध्ये शंभर कोटींहून जास्त वर्षं गायब आहेत. काठावरच्या त्या पायवाटेवर चालायचं तर एक किलोमीटरहून लांब. शिस्ट तयार झाला तो कित्येक किलोमीटर खोल, एका पर्वतरांगेच्या पोटात. ती रांग पूर्ण झिजून सपाट झाली, तिच्या मुळांवर समुद्र आला आणि त्यानं ही वाळू पसरली, ५० कोटी वर्षांपूर्वी. चार हजार घन किलोमीटरच्या पोकळीकडे मी दोन दिवस डोळे फाडून बघत होते. त्याहून कितीतरी मोठं जे गेलं होतं त्याची खूण ही अशी, हातभर उंचीवर, एक आडवी रेघ.

आणि वरच्या थरांतली वाळू तरी कुठली? वालुकाश्मातल्या झिरकॉन या टिकाऊ खनिजाच्या कणांची वयं काढली तेव्हा ॲन्टिलोपच्या भिंती ज्या नवाहो वालुकाश्माच्या आहेत, त्यातले बरेचसे कण खंडाच्या दुसऱ्या टोकाच्या ॲपलाचियन पर्वतांतून आलेले निघाले. कुठल्या तरी जुन्या दरीतून गेलेला दगडच इथे भिंत होऊन उभा राहिला आहे.

काठावर पोचायला दुपार झाली. मी त्या पांढुरक्या चुनखडकावर बसून बूट काढले. उजव्यात खडा नव्हता, पण टाचेखाली नदीकाठची वाळू होती, चमचाभर, बारीक. दीड हजार मीटर चढून ती माझ्याबरोबर वर आली होती. बूट उपडा करून झाडला. थोडी वाळू शिंपल्याच्या एका ठशात जाऊन बसली, बाकीची वाऱ्यानं कड्याच्या बाजूला सरकवली.